काजूच्या झाडाखालचं मांजर

चैत्र सरत आला की कोकणातल्या अंगणांत काजूच्या बिया भाजायला सुरुवात होते. तीन दगडांची चूल, तिच्यावर भोकं पाडलेला जुना पत्रा, पत्र्यावर ओंजळ-दोन ओंजळी सुकलेल्या बिया. खालून जाळ लागला की बियांतून तेल फुटतं, ते पेट घेतं आणि बघता बघता हातभर उंच ज्वाळा उठते. धूर काळा आणि डोळ्यांना झोंबणारा. लहान मुलांना मागे सारलं जातं. बिया काळ्याठिक्कर झाल्या की पत्रा उलथायचा, वरून माती टाकून जाळ विझवायचा आणि मग दगडाने एकेक बी ठेचून गर काढायचा.

कुडाळजवळच्या माझ्या मावशीच्या अंगणात हा सोहळा संपला, माणसं पाणी प्यायला पडवीत गेली, की परसातून मनी यायची. पांढरी, एक कान करडा असलेली मांजरी. चुलीभोवती एक फेरी मारायची, पंजाने राख चाचपायची आणि कोमट जागा सापडली की तिथेच अंगाचं मुटकुळं करायची. मावशी आतून ओरडायची, "त्या मांजराक राखेत लोळाक देव नको गो, तेल आसा तेच्यात!"

लहानपणी मला वाटायचं की मावशीला मांजरीची पांढरी फर मळेल याची काळजी आहे. पुढे वनस्पतींची रसायनं आणि मांजराचं शरीर यांविषयी वाचत गेले तेव्हा कळलं, की मावशीच्या त्या एका वाक्यात या प्रकरणाचं सगळं सार होतं. ती मांजरीला झाडाखाली झोपू देत होती, खोडावर नखं घासू देत होती, फांदीवर चढू देत होती. तिने अडवलं ते फक्त राखेला.

घरात मांजर आहे आणि अंगणात काजू, तर भीती बाळगावी का, हा प्रश्न पुष्कळांना पडतो. शहरातून गावाकडे राहायला गेलेली माणसं मांजरांसह जातात आणि कंपाउंडमधल्या झाडाकडे संशयाने पाहू लागतात. उत्तर आधीच सांगून टाकते: काजूचं झाड मांजराला वैरी नाही. त्या झाडाच्या एका लहानशा भागात मात्र एक दाहक तेल आहे, आणि मांजराचं शरीर अशा पदार्थांपुढे आपल्यापेक्षा दुबळं आहे. तेल आणि मांजर यांची गाठ कुठे पडते, एवढं ओळखलं की झाडही राहतं आणि मांजरही.

बिबव्याचा चुलतभाऊ

काजू मूळचा ईशान्य ब्राझीलचा. तिथल्या तुपी भाषकांनी त्याला 'अकाजू' म्हटलं, पोर्तुगिजांनी त्याचं 'काजू' केलं आणि सोळाव्या शतकात त्यांच्याच जहाजांतून तो गोव्याच्या किनाऱ्यावर उतरला. कोकणच्या जांभ्या दगडाच्या कातळात, कमी पाण्यात तो असा रुजला की आज तो आपल्याला इथलाच वाटतो.

त्याचं कुळ मात्र इथे आधीपासून होतं. आंबा त्याच कुळातला, बिब्बाही त्याच कुळातला. आंब्याचा चीक लागून ओठाच्या कडेला उठलेला चट्टा कोकणात नवा नाही. बिबव्याची तर गोष्टच वेगळी. अंगावर बिब्बा उतला की कातडी काळी पडते, फोड येतात आणि डाग महिनोन् महिने राहतो. त्याच्या न धुतल्या जाणाऱ्या काळ्या रसाने परीट कपड्यांवर खुणा करत. अमेरिकेत ज्या पॉयझन आयव्ही नावाच्या वेलीला लोक चळचळ कापतात, तीही याच कुळातली. या सगळ्यांच्या चिकात लांब शेपटीचे फिनॉल वर्गातले रेणू असतात. त्यांची तेलकट शेपटी कातडीत सहज शिरते आणि मग शरीराची संरक्षणयंत्रणा त्यांच्यावर तुटून पडते. आपल्याला दिसतो तो दाह बराचसा या प्रतिकाराचाच असतो.

काजूत हे तेल नेमकं कुठे असतं, ते बी चिरून पाहिलं की कळतं. बाहेर चिवट, करडी साल. आत दगडासारखं कठीण कवच. या दोहोंच्या मध्ये मधाच्या पोळ्यासारखा जाळीदार थर आणि त्या जाळीच्या प्रत्येक घरात दाट, तांबूस तपकिरी तेल भरलेलं. कठीण कवचाच्या आत तांबूस पापुद्रा आणि त्याच्या आत गर. सबंध बीच्या वजनात गर असतो सुमारे २५ ते ३० टक्के. बाकीचा सगळा पसारा त्या गराच्या राखणीसाठी. टरफलाच्या तेलात निम्म्याहून जास्त वाटा अॅनाकार्डिक आम्लाचा असतो आणि त्याच्या जोडीला कार्डोल. उष्णता मिळाली की अॅनाकार्डिक आम्लातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कार्डानोल उरतं. हेच तेल गाड्यांच्या ब्रेकच्या अस्तरात, रंगांत, व्हार्निशात वापरतात. जे लाकूड कुजू देत नाही आणि वाळवीला जवळ येऊ देत नाही, ते जिभेला काय करेल याचा अंदाज बांधता येतो.

ओले काजू सोलणाऱ्या बायकांच्या हातांकडे पाहिलं तर हा अंदाजही बांधावा लागत नाही. फाल्गुनात कोवळ्या बिया विळ्याने उभ्या चिरून गर काढायचा, तर आधी हाताला खोबरेल चोळायचं आणि बोटं राखेत बुडवायची. तरी हंगाम संपेपर्यंत बोटांच्या टोकांची कातडी सोलवटलेलीच असते. ओल्या काजूची उसळ ताटात येते तेव्हा तिच्यामागे अशी दोन-चार सोलवटलेली बोटं असतात.

टरफलाचा बारीक तुकडाही पुरतो. १९८२ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात मोझांबिकहून आलेल्या काजूगरांच्या पाकिटांत टरफलाचे कण राहून गेले होते. ते खाऊन ५४ जणांच्या अंगावर पुरळ उठलं. दुकानातला 'कच्चा' म्हणून विकला जाणारा काजूगरही खरं तर कच्चा नसतो. वाफेने किंवा भाजून ते तेल आधीच वेगळं केलेलं असतं.

मांजराला गोड कळत नाही

आता झाडाखालच्या मांजराकडे वळू.

फेब्रुवारीपासून झाडाखाली बोंडवांचा सडा पडतो. लाल, पिवळी, रसाने टचटचलेली बोंडं. त्यांना असा घमघमाट सुटतो की गुरं दावं तोडून येतात, वानरं येतात, पाखरं येतात. मांजर त्यातून पाय उचलून उचलून चालत जातं आणि एकाही बोंडाला तोंड लावत नाही. ही त्याची शिस्त नाही. त्याला त्यातली गोडी कळतच नाही.

गोड चव ओळखण्यासाठी जिभेवर दोन प्रथिनांची जोडी लागते. २००५ साली फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या संशोधकांनी दाखवून दिलं, की या जोडीतलं एक प्रथिन बनवणारं जनुक मांजरांमध्ये तुटलेलं आहे. वाघ आणि चित्ता यांच्यातही तेच. लाखो वर्षं केवळ मांसावर जगणाऱ्या या घराण्याला साखर ओळखण्याची गरज पडली नाही आणि ते जनुक हळूहळू निकामी झालं.

काजूच्या बाबतीत ही मोठीच सोय आहे. कुत्रा पडलेलं बोंड चघळेल, बी चावून पाहील, गिळेलही. मांजर खाण्यासाठी बीजवळ जात नाही. गेलंच तर खेळायला जातं. सुकलेली बी मूत्रपिंडाच्या आकाराची आणि गुळगुळीत असते. पंजाने टोलवली की शेणाने सारवलेल्या जमिनीवर वाकडीतिकडी घरंगळत जाते, आणि मांजराच्या पिल्लाला यापेक्षा चांगलं खेळणं शोधून सापडायचं नाही. अशी सुकी, अखंड बी टोलवण्यात धोका नाही, कारण तेल सालीच्या आत बंद असतं. चिंता आहे ती फुटलेल्या, चिरलेल्या, अर्धवट भाजलेल्या बीची.

जीभ आणि यकृत

मांजर विष खात नाही, ते विष चाटतं. हे एकदा मनात पक्कं बसलं की मांजर पाळणाऱ्याचं अर्धं शिक्षण झालं.

मांजर जागेपणातला एक चतुर्थांशापर्यंतचा वेळ अंग चाटण्यात घालवतं. त्याच्या जिभेवर मागे वळलेले काटे असतात; हाताला लागले की खरखरतात. अलेक्सिस नोएल आणि डेव्हिड हू या संशोधकांनी २०१८ साली दाखवलं, की या काट्यांची टोकं पन्हाळीसारखी पोकळ असतात. त्यांत लाळ भरून ती केसांच्या मुळापर्यंत पोचवली जाते आणि तिथली घाण जिभेवर येते. म्हणजे मांजराच्या अंगाला जे लागतं ते काही वेळात त्याच्या पोटात जातं. फरशीवरचं, राखेतलं, पानांवरचं, सगळं.

पोटात गेलेलं निस्तरायचं काम यकृताचं, आणि मांजर तिथे कमी पडतं. आपलं यकृत फिनॉल वर्गातल्या पुष्कळ पदार्थांना ग्लुकुरोनिक आम्लाची जोड देऊन पाण्यात विरघळण्याजोगं करतं आणि लघवीवाटे बाहेर टाकतं. हे काम करणाऱ्या विकरांपैकी एका महत्त्वाच्या विकराचं जनुक मांजरात मोडकळीला आलेलं आहे. टफ्ट्स विद्यापीठातल्या मायकेल कोर्ट आणि डेव्हिड ग्रीनब्लाट यांनी २००० साली ते उलगडून दाखवलं. पुढे २०११ मध्ये दिसून आलं, की मार्जारकुळातल्या सगळ्याच प्राण्यांत ते तुटलेलं आहे, आणि त्यांच्या जोडीला तपकिरी तरस आणि उत्तरेकडचा हत्ती सील यांच्यातही. सगळेच कडवे मांसाहारी. वनस्पतींची रसायनं पचवण्याची ही हत्यारं त्यांच्या पूर्वजांना लागलीच नाहीत. न वापरलेली कोयती गंजावी तशी ती गंजून गेली.

म्हणूनच ताप आला म्हणून माणूस सहज घेतो ती पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. म्हणूनच फिनॉल असलेल्या फिनाईलने पुसलेली ओली फरशी मांजरासाठी धोक्याची असते: पंजे ओले होतात, पंजे चाटले जातात. काजूच्या टरफलाचं तेलही फिनॉल वर्गातलंच. माणसाच्या बोटाला ते भाजतं. मांजराच्या बाबतीत ते आधी पंजाला, मग ओठांना, जिभेला आणि मग आतल्या यंत्रणेला त्रास देऊ शकतं. मावशीने मांजरीला राखेतून उठवलं, यामागचं कारण हे.

झाडाचा एकेक भाग

झाड तोडायचा विचार मनात आला तर आधी त्याच्याभोवती एक फेरी मारावी.

सावली निर्धोक आहे. काजूची फांदी जमिनीलगत पसरते आणि तिच्याखाली भर दुपारीही गारवा असतो. मांजराला झोपायला यापेक्षा चांगली जागा मिळणं कठीण. पानं जाड, चामड्यासारखी. मांजर चघळायला गवताची लांब, पातळ पाती शोधतं; काजूच्या पानात त्याला रस नसतो. थायलंड-मलेशियाकडे माणसं कोवळी पालवी चटणीबरोबर कच्ची खातात, यावरून पानाचा स्वभाव कळावा.

खोडावर मांजर नखं घासतं. झाडाला त्याने काही होत नाही. मात्र जखम झालेल्या खोडातून डिंक पाझरत असेल, तर तो केसांना चिकटतो. अशा खोडाला काही दिवस गोणपाट गुंडाळून ठेवावं. फांद्या बुटक्या आणि आडव्या असल्याने चढलेलं मांजर सहसा अडकत नाही. उंच माडावर चढलेल्या मांजराची फजिती वेगळी, कारण त्याची नखं आकड्यासारखी वळलेली असतात आणि त्याला उलट्या पावली उतरावं लागतं.

बोंडं पडून आंबतात. झाडाखाली सडा साचला की दिवसभरात त्याला दारूसारखा वास सुटतो. गोव्यात याच आंबण्याला हाताशी धरून हुर्राक आणि फेणी बनते. मांजर त्याला तोंड लावत नसलं, तरी त्यावर माश्या येतात, माश्यांमागे पाली, आणि पालींमागे मांजर. सडा रोज झाडून खतखड्ड्यात टाकला की प्रश्न मिटतो.

भाजून सोललेला साधा काजूगर विषारी नाही. ताटातून निसटलेला एखादा गर मांजराने खाल्ला म्हणून डॉक्टरकडे धावायला नको. मात्र त्याला मुद्दाम भरवूही नये. गरात जवळपास निम्मी चरबी असते आणि मांजराला हवी असलेली टॉरिनसारखी पोषकद्रव्यं मांसातून मिळतात, काजूतून नाहीत. खारवलेल्या काजूत मीठ जास्त असतं. मसाला काजूवर बहुधा लसूण-कांद्याची पूड असते आणि ती मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फोडते. काजूपेक्षा त्याच्यावरचा मसाला वाईट.

उरलं टरफल. ताजं चिरलेलं, ठेचलेलं, अर्धवट जळलेलं. आपली खबरदारी इथे लागते, आणि ती हंगामाच्या दोन-अडीच महिन्यांपुरतीच. ओले काजू सोलताना टरफलं उघड्यावर टाकू नयेत. डब्यात भरून झाकण लावावं. चिरताना मांडीवर मांजर नको. ज्या पाटावर आणि विळीवर काम झालं ते राखेने घासून ठेवावेत. बिया भाजताना मांजराला आतल्या खोलीत ठेवावं, कारण तो धूर त्याच्याही डोळ्यांना आणि छातीला झोंबतो. काम संपल्यावर राखेवर बादलीभर पाणी मारून ती गोळा करावी आणि जिथे मांजर उकरणार नाही अशा खड्ड्यात पुरावी.

यात आणखी एक बाजू आहे. मांजराच्या अंगावर दाट केस असल्याने तेल त्याच्या कातडीपर्यंत लवकर पोचत नाही, पण केसांवर राहतं. राखेत लोळून आलेलं मांजर घरातल्या लेकराने कुशीत घेतलं की चट्टे उठतात लेकराच्या गालावर. घरात कोणाला आंब्याच्या चिकाचा त्रास असेल तर हे जास्त सांभाळावं.

झाडाच्या नावावर खपणारे धोके

मांजर काजूच्या बागेतून आजारी होऊन परततं तेव्हा दोष झाडाला दिला जातो. पुष्कळदा खरं कारण झाडाच्या आसपास असतं.

पहिलं कारण फवारणी. कोवळी पालवी आणि मोहोर यांवर ढेकण्या नावाचा किडा पडतो, शेंडे करपवतो आणि पीक घालवतो. त्याच्यासाठी जी औषधं फवारली जातात त्यांत पायरेथ्रॉइड गटातलं लॅम्बडा सायहॅलोथ्रीन आहे. पायरेथ्रॉइड गटाची औषधं मांजरांना विशेष बाधतात. त्यामागेही यकृताचा वर सांगितलेला दुबळेपणाच आहे. कुत्र्याच्या गोचिडांवरचं परमेथ्रीन मांजराच्या पाठीवर चुकून लावलं, तर त्याला थरथर सुटते, झटके येतात. फवारलेल्या, अजून ओल्या असलेल्या फांदीखाली बसलेलं मांजर घरी येऊन अंग चाटणार. म्हणून फवारणीच्या दिवशी आणि औषध पूर्ण वाळेपर्यंत मांजर घरात बंद. केरळच्या कासरगोड जिल्ह्यात काजूच्या बागांवर हेलिकॉप्टरने वर्षानुवर्षं एंडोसल्फान फवारलं गेलं. त्याची किंमत तिथल्या माणसांच्या पिढ्यांनी मोजली आणि २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर देशभर बंदी घातली. तिथेही झाडं निष्पाप होती.

दुसरं कारण उंदराचं औषध. काजूच्या गोदामात, पडवीत पोती आली की उंदीर येतात आणि माणसं ब्रोमाडिओलोनच्या वड्या ठेवतात. हे औषध खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही; दोन-चार दिवस तो सुस्त होऊन फिरतो. नेमका असा सुस्त उंदीर मांजराच्या तावडीत सापडतो. मांजर असलेल्या घरात विषाऐवजी पिंजरा लावावा.

तिसरं कारण फुरसं. काजूच्या वाळक्या पानांचा थर आणि जांभ्या दगडांच्या कपारी ही फुरशाची आवडती जागा. कोकणातल्या कोणालाही हे सांगावं लागत नाही. मांजर पाल, सरडा शोधत त्या पाचोळ्यात पंजा घालतं. पंजा किंवा तोंड एकाएकी सुजलं, हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, तर ते चिकाचं काम समजून घरी वेळ घालवू नये. घराजवळच्या झाडाखालचा पाचोळा नियमित ओढून काढणं, हा माणसासाठीही शहाणपणाचाच उपाय.

शेजारची झाडं

काजूला एवढं न्याहाळलं, तर कठीण कवचाची फळं देणाऱ्या त्याच्या शेजाऱ्यांकडेही नजर टाकू.

नारळ सज्जन आहे. त्याचा धोका फक्त वरून पडण्याचा. शहरी सोसायट्यांच्या आवारातला मोठ्या पानांचा देशी बदाम, ज्याच्या बिया मुलं दगडाने फोडून खातात, त्याच्यापासूनही मांजराला भय नाही. मॅकाडेमिया खाऊन कुत्र्यांचे मागचे पाय लुळे पडतात, पण हा त्रास कुत्र्यांतच दिसलेला आहे. सुपारी मात्र जपावी. तिच्यातल्या अॅरेकोलिनने तोंडाला लाळ सुटते, आतडी जोरात हलतात, श्वासनलिका आवळतात. एके काळी कुत्र्यांच्या पोटातले फीतकृमी पाडायला अॅरेकोलिन देत असत, आणि तेव्हाही ते मांजरांना देत नसत. पानाचा डबा उघडा ठेवणाऱ्या आजोबांना हे सांगून ठेवावं.

खरा घातकी आपण हौसेने फाटकाशी लावतो: सायकस. ताडासारखा दिसणारा, शोभेचा, महागडा. त्याच्या लालबुंद, कठीण बियांत आणि पानांतही सायकासिन असतं आणि ते यकृत उद्ध्वस्त करतं. घरात मांजर असेल तर दारात सायकस नको. आणि फुलदाणीत लिली नको. लिलीच्या पाकळीचा तुकडा, तिचे पराग, अगदी फुलदाणीतलं पाणीही मांजराची मूत्रपिंडं निकामी करू शकतं. परसातल्या काजूची काळजी करणाऱ्या घरात दिवाणखान्यात लिलीचा गुच्छ दिसला, की मला त्या मांजराची भीती वाटते.

शेवटचा धोका कोणत्याही झाडाचा नाही. तो बुरशीचा. ओलसर जागी साठवलेल्या दाण्यांवर, बियांवर चढणाऱ्या बुरशीत अफ्लाटॉक्सिन तयार होतं. १९७४ मध्ये गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा भागात भिजलेल्या मक्यावर ही बुरशी चढली. तो मका खाऊन शंभराहून जास्त माणसं कावीळ होऊन दगावली आणि त्या घरांतली कुत्रीही गेली. बुरसलेला दाणा माणसाला नको आणि जनावरालाही नको.

तेल लागलंच तर

सगळी काळजी घेऊनही एखाद दिवशी मांजर काळे पंजे घेऊन येतं. तेव्हा पहिलं काम त्याला चाटू न देण्याचं. अंगाभोवती जुना टॉवेल घट्ट गुंडाळावा. घरात गळ्यात घालायची शंकूची पट्टी असेल तर ती घालावी. आपल्या हातात रबरी मोजे हवेत. डाग चिकट असेल तर आधी थोडं खोबरेल चोळून तो सैल करावा, पुसून घ्यावा आणि लगेच भांडी घासायच्या सौम्य द्रवसाबणाने कोमट पाण्यात धुवावा. खोबरेल तसंच ठेवलं तर ते दाहक तेल आणखी पसरतं, म्हणून साबण चुकवू नये. रॉकेल, टर्पेंटाइन यांना हातही लावू नये.

बी किंवा टरफल चावलं असेल तर तोंडाला फेस आणि लाळ येते, मांजर पंजाने तोंड ओरबाडतं, ओठ लाल होतात. अशा वेळी मिठाचं पाणी पाजून ओकारी काढायचा प्रयत्न करू नये. दाहक पदार्थ उलटताना अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजते आणि मीठ स्वतःच विष ठरतं. माणसाची कोणतीही वेदनाशामक गोळी देऊ नये. पशुवैद्याकडे जाताना चावलेल्या टरफलाचा तुकडा कागदात बांधून सोबत न्यावा.

आणि एक दिवस म्हणजे फार वेळ, हे लक्षात ठेवावं. तोंड भाजलेलं मांजर खाणं सोडतं. दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या यकृतात चरबी साचायला लागते, आणि मग मूळच्या भाजण्यापेक्षा हा आजार अवघड होऊन बसतो. जीवमात्रांत मांजर हट्टी खरं, पण त्याचं उपाशी राहणं हा हट्ट समजू नये.

गोणपाट

मावशीने कधी रसायनशास्त्र वाचलं नव्हतं. तिच्या परसात काजूची अकरा झाडं होती आणि त्यांच्या हंगामावर घरातली शिक्षणं झाली. मांजर होतं म्हणून झाड तोडावं, असं तिच्या मनातही आलं नसतं. आणि काजू होता म्हणून मांजर पाळू नये, असंही नाही. मांजर नसतं तर पडवीतल्या पोत्यांत उंदरांचं राज्य झालं असतं.

ओरडून मांजर ऐकत नाही, हेही तिला ठाऊक होतं. म्हणून ती दोन गोष्टी करायची. शेवटची बी फुटली की तांब्याने नव्हे, कळशीने राखेवर पाणी ओतायची. राख फुसफुसत बसायची, काळा गिलावा व्हायचा. मग पडवीच्या पायरीवर, जिथे संध्याकाळचं ऊन शेवटपर्यंत रेंगाळतं तिथे, ती एक गोणपाट दुमडून टाकायची. मनी ओल्या राखेकडे जायची, पंजा झटकायची, नाराजीने मागे वळायची आणि काही वेळाने त्या गोणपाटावर येऊन बसायची.

झाडाला हात न लावता आणि मांजराला न बांधता, एवढंच करायचं असतं.